फोनवर खेळता येईल असं कोडं

बुद्धिबळ फोनवर खेळता येतं. एकाने म्हणायचं "घोडा एफ ३", दुसऱ्याने आपल्या समोरच्या पटावर घोडा हलवायचा आणि उत्तराची चाल सांगायची. सुडोकूही जमतं: "चौथी आडवी ओळ, सातवं घर, तिथे ९ टाक." शब्द ओळखायचा खेळ तर जमतोच जमतो. जिगसॉ मात्र नाही. "तो निळसर तुकडा घे, तो नाही रे, ज्याच्या डाव्या बाजूला फुगीर कान आहे तो…" इथवर आलं की फोन ठेवून दिलेला बरा.

ब्राउझरमध्ये खेळायचा एखादा छोटा कोड्याचा खेळ अपंग खेळाडूंना खेळता येईल का, असा प्रश्न आला की मी आधी हीच कसोटी लावतो. जो खेळ तोंडी सांगता येतो, त्याची स्थिती शब्दांत आणि आकड्यांत मावते. एकदा ती तशी मावली की ती वाचून दाखवता येते, मोठ्या अक्षरांत दाखवता येते, ब्रेलच्या पट्टीवर उमटवता येते, हात चालत नसेल तर एका बटणावर चालवताही येते. आणि गंमत अशी की बहुतेक लोकप्रिय कोडी या कसोटीला उतरतात. तरीही त्यांच्यातली कितीतरी अपंग खेळाडूंसाठी बंद असतात. कारण खेळ सांगण्याजोगा असतो, पण बनवणाऱ्याने तो फक्त रंगवलेला असतो.

अंध बुद्धिबळपटूंनी हा प्रश्न वेब येण्याच्या कितीतरी आधी सोडवला होता. त्यांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात. प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी असते, म्हणजे चाचपताना मोहरं कलंडत नाही. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर छोटं टोक असतं, त्यावरून बोटांना रंग कळतो. दोन्ही खेळाडूंचे पट वेगवेगळे असतात आणि चाल मोठ्याने सांगायची असते. बी, सी, डी, ई, जी ही अक्षरं ऐकायला एकमेकांसारखीच, म्हणून उभ्या ओळींना नावंच दिली आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. नियम तेच आहेत आणि चालीही त्याच. बदलली ती फक्त पट आणि खेळाडू यांच्यामधली वाट.

या वाटेलाच सुगम्यता म्हणतात. इंग्रजीतला रुळलेला शब्द ॲक्सेसिबिलिटी. कोड्यात दोन प्रकारच्या अडचणी असतात. एक कोड्याची स्वतःची, जिच्यासाठी आपण मुद्दाम वेळ काढून बसतो. दुसरी कोड्यापर्यंत पोहोचण्याची. पहिली शाबूत ठेवून दुसरी काढून टाकायची, एवढंच काम आहे. ते कुणासाठी करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. त्यात अंध आहेत, अंधुक दिसणारे आहेत, रंगांत गल्लत होणारे आहेत, हात थरथरणारे आहेत, वाचायला किंवा लक्षात ठेवायला जड जाणारे आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी, त्यामुळे "अपंगांसाठी वेगळी आवृत्ती" नावाचं एकच एक गाठोडं बांधता येत नाही.

रंगवलेलं दार

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते पडदा बघत असेल असा अनेकांचा समज असतो, पण सहसा तसं नसतं. ब्राउझर प्रत्येक पानाचा आतल्या आत एक आराखडा बनवतो: इथे शीर्षक आहे, इथे बटण आहे, इथे कोष्टक आहे आणि त्यात नऊ ओळी आहेत. स्क्रीन रीडर हा आराखडा वाचतो. त्यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्याला तीन गोष्टी लागतात: तिचं नाव काय, ती आहे काय आणि आत्ता कोणत्या अवस्थेत आहे. "आवाज, बटण, बंद." एवढ्यात माणसाला सगळं समजतं.

आता खेळ बनवणाऱ्याच्या हाती दोन रस्ते असतात. एक, पानाच्या खऱ्या घटकांनी खेळ उभा करायचा: घरं म्हणजे बटणं किंवा कोष्टकाचे कप्पे. दुसरा, कॅनव्हास नावाचा एक चौकोन घ्यायचा आणि त्यावर ठिपक्या-ठिपक्याने चित्र काढायचं. कॅनव्हास वेगवान असतो, त्यावर हलतं-डुलतं छान दिसतं, म्हणून पुष्कळ खेळ तिथे बनतात. पण आराखड्यात त्याची नोंद "इथे एक चित्र आहे" एवढीच. आत काय आहे याची एक ओळही नसते. भिंतीवर हुबेहूब दार रंगवावं तसं ते. दिसणारा माणूस कौतुक करतो, चाचपणाऱ्याला भिंतच लागते.

मी स्वतः असं एक दार रंगवलं होतं. माइनस्वीपरच्या धर्तीवरचा, दडलेले सुरुंग टाळत घरं उघडायचा छोटासा खेळ होता. कॅनव्हासवर केला, लोकांना आवडला. मग एका अंध खेळाडूचा निरोप आला: "पानाचं शीर्षक ऐकू येतं, मग 'नवा खेळ' हे बटण ऐकू येतं, ते दाबलं की शांतता. खेळ सुरू झाला का?" खेळ सुरू झाला होता. घड्याळही चालू झालं होतं.

कॅनव्हास टाळला म्हणजे काम झालं असंही नाही. सुडोकूची ८१ घरं पानाच्या घटकांनी बनवली, पण ती नुसती रिकामी डबडी ठेवली, तर ऐकणाऱ्याला "पाच तीन सात सहा एक नऊ" अशी आकड्यांची माळ ऐकू येते. मधली रिकामी घरं गायब, ओळ कुठे संपली ते गायब, दिलेला आकडा कोणता आणि आपण टाकलेला कोणता तेही गायब. खऱ्या कोष्टकासारखी मांडणी केली की बाण दाबत जाताना ऐकू येतं: "रिकामं, ओळ ४, घर ७." इथे एक बारकावा आहे. आकडा किंवा "रिकामं" हे आधी यायला हवं, जागा नंतर. ओळीतून पुढे सरकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे साधारण माहीत असतंच, त्याला आत काय आहे ते हवं असतं. ते कळलं की तो पुढचं न ऐकता बाण दाबतो. दर वेळी "ओळ चार, स्तंभ सात" आधी ऐकावं लागलं तर ८१ घरांच्या पटावर माणूस कंटाळून जाईल.

कीबोर्डचीही एक गोम आहे, आणि ती न दिसणारी असल्यामुळे बनवणारे हमखास तिच्यात अडकतात. स्क्रीन रीडर पान वाचण्याच्या अवस्थेत असतो तेव्हा कीबोर्डवरची अक्षरं तो स्वतःसाठी राखून ठेवतो. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण, टी दाबलं की पुढचं कोष्टक. आता शब्द ओळखायच्या खेळात कुणी मोठ्या उमेदीने एच टाइप करतो, तर अक्षर पटावर न उमटता तो पानाच्या भलत्याच टोकाला पोहोचतो. खेळाने कळ ऐकायची तयारी ठेवलेली असते, पण कळ त्याच्यापर्यंत येतच नाही. उपाय अगदी साधा आहे: टाइप करण्यासाठी खरीखुरी मजकुराची चौकट द्यायची. चौकटीत गेलं की स्क्रीन रीडर आपण होऊन अक्षरं सोडून देतो. पण चौकट दिसायला "जुनाट" वाटते म्हणून ती काढली जाते, आणि तिच्यासोबत काही खेळाडूही जातात.

टॅबची कळ हा याचाच धाकटा भाऊ. ८१ घरांत ८१ वेळा टॅब दाबायला लावणं म्हणजे शिक्षा. पटात शिरायला एक टॅब, आत फिरायला बाण, बाहेर पडायला पुन्हा एक टॅब. एवढं पुरतं.

वाचून दाखवणं आणि सोडवून देणं

मला या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग हा वाटतो.

डोळ्याने खेळणाऱ्याला एक नजर टाकायला काहीच खर्च येत नाही. तो पटावरून हजार वेळा नजर फिरवतो आणि त्याच्या लक्षातही येत नाही. कानाने खेळणाऱ्याला प्रत्येक नजरेची किंमत मोजावी लागते, आणि ती सेकंदांत असते. शब्दकोड्याचंच बघा. डोळस माणूस सूत्र वाचतो, पटाकडे बघतो, तिसरं अक्षर "र" आहे हे टिपतो, पुन्हा सूत्राकडे येतो. ऐकणाऱ्याला हे करायचं तर पट सोडून सूत्रांच्या यादीत जायचं, सूत्र शोधायचं, परत यायचं आणि मघाचं घर पुन्हा हुडकायचं. म्हणून चांगल्या शब्दकोड्यात घरावर आलं की सूत्र तिथेच ऐकू येतं, आणि एक कळ दाबली की शब्दाची अवस्थाही: "पाच अक्षरं, तिसरं र, बाकी रिकामी."

पण मग कुठवर सांगायचं? सुडोकूत "ही पूर्ण ओळ वाच" अशी कळ दिली, तर ती एका नजरेची भरपाई झाली. "या ओळीत कोणते आकडे उरले" अशी कळ दिली, तर डोळस खेळाडूला जे डोकं चालवून काढावं लागतं ते आयतं मिळालं. पहिली कळ वाचून दाखवणारी, दुसरी सोडवून देणारी. ही सीमा प्रत्येक खेळात वेगळी असते आणि ती कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते. खेळ समजूनच ती आखावी लागते.

सुरुंगांच्या खेळात मी बराच काळ घोळत राहिलो. "३" लिहिलेल्या, म्हणजे भोवती तीन सुरुंग असलेल्या घरावर उभं राहिल्यावर आजूबाजूची आठ घरं एकेक करून तपासायची म्हणजे आठदा जाणं आणि आठदा परत येणं. तेवढ्यात तीन कशाचे होते ते विसरायला होतं. शेवटी एक कळ ठेवली. ती म्हणते: "तीन. भोवती चार बंद, त्यातल्या दोनांवर झेंडे." झेंडा म्हणजे इथे सुरुंग आहे अशी खेळाडूने लावलेली खूण. डोळस माणूस हे मोजत नाही, त्याला ते दिसतं. म्हणून हे वाचणं. "म्हणजे उरलेल्या दोन घरांत अजून एक सुरुंग" हे मात्र सांगायचं नाही, ते काढण्यासाठीच तर तो खेळायला बसला आहे.

दुसरी बाजू आहे ती आपोआप होणाऱ्या घोषणांची. पानावर काही बदललं की ते स्क्रीन रीडरला कळवण्यासाठी वेबवर एक सोय आहे: पानाचा एखादा कोपरा "बोलता" करता येतो. तिथे मजकूर बदलला की तो वाचला जातो. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक सभ्य, चालू वाक्य संपेपर्यंत थांबणारी. दुसरी मधेच तोडून बोलणारी. नवखा माणूस हटकून दुसरी वापरतो आणि खेळाची भांडखोर सासू करून टाकतो.

२०४८ हा खेळ घ्या. गाब्रिएले चिरुल्ली यांनी तो २०१४ च्या मार्चमध्ये वेबवर टाकला. १६ घरं, चार बाण, सारखे आकडे आदळले की त्यांची बेरीज होते. फोनची कसोटी तो सहज पार करतो. पण एका बाणाने सगळा पट हलतो. प्रत्येक खेळीनंतर १६ घरं वाचायची का? मग एक डाव दिवसभर चालेल. काहीच वाचायचं नाही का? मग अंधारात बाण मारणं. मला पटलेला तोडगा असा: खेळीनंतर फक्त जे घडलं ते थोडक्यात सांगायचं, "आठ झाले, नवा २ खाली डावीकडे", आणि पूर्ण पट ऐकायचा तेव्हा एका कळीवर ओळीओळीने ऐकता यावा. बडबड कमी-जास्त करण्याची सोय खेळाडूच्या हातात द्यायची. रोज खेळणाऱ्याला दोन शब्द पुरतात, पहिल्यांदा आलेल्याला दहा लागतात.

शब्दखेळ मराठीत करायचा असेल तर अजून एक पेच असतो. "स्त्री" हे आपल्यासाठी एक अक्षर. संगणकाच्या आत ते सहा तुकड्यांचं असतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. खेळाने तुकडे मोजले तर एकाक्षरी शब्दाला सहा घरं लागतील, आणि स्क्रीन रीडर घराघराला "हलन्त, हलन्त" म्हणत बसेल. अक्षर म्हणजे काय हे खेळाने वाचकाच्या हिशोबाने ठरवायला हवं. शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या सांगाड्यात नोंदवायला हवं. ती नोंद नसेल तर स्क्रीन रीडर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात मराठी वाचायचा प्रयत्न करू शकतो, आणि ते ऐकणं हे स्वतंत्र कोडं होतं.

हिरवा की पिवळा

जॉश वॉर्डल यांचा वर्डल हा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. अक्षर योग्य जागी असेल तर घर हिरवं, शब्दात असून चुकीच्या जागी असेल तर पिवळं, नसेल तर राखाडी. म्हणजे खेळाची सगळी माहिती रंगात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर बारांमागे एकाला आणि स्त्रियांत दर दोनशेंमागे एकीला लाल-हिरव्या छटांमध्ये गल्लत होते. इतर समाजांत प्रमाण कमी-अधिक असतं. अशा डोळ्यांना तो हिरवा आणि तो पिवळा जवळजवळचे वाटू शकतात. वर्डलमध्ये यासाठी ठळक रंगांचा पर्याय आहे, त्यात नारिंगी आणि निळा येतात. हे चांगलंच आहे, पण तेही रंगच. घराच्या कोपऱ्यात एखादी खूण, एखादा ठिपका किंवा कड दिली तर कुठलाच डोळा बाहेर राहत नाही. २०४८ मध्येही प्रत्येक आकड्याला वेगळा रंग आहे, पण रंग काढून टाकला तरी खेळ चालतो, कारण आकडा घरावर लिहिलेला आहे. रंगाने मदत करावी, बातमी त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नये.

वर्डलची खरी फजिती खेळात कमी आणि त्याच्या फुशारकीत जास्त झाली. निकाल मित्रांना पाठवताना रंगीत चौकोनांची जाळी जायची. बघणाऱ्याला ती गोड वाटते. स्क्रीन रीडरवर मात्र "काळा मोठा चौकोन, पिवळा चौकोन, काळा मोठा चौकोन, हिरवा चौकोन…" असं सुरू होतं, आणि सहा प्रयत्न लागले असतील तर तीस चौकोन. समाजमाध्यमांवर अशा जाळ्यांची रांग लागायची, म्हणजे ज्याला हा खेळ खेळायचाही नव्हता त्यालाही तो ऐकावा लागला. "चौथ्या प्रयत्नात सुटलं, दुसऱ्याला तीन अक्षरं जागेवर" एवढं एक वाक्य पुरलं असतं.

रंगाबरोबर उठाव येतो, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणजे वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या मधल्या पातळीनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ ला १ असावा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १, पांढऱ्यावर भडक पिवळं म्हणजे जेमतेम १.०७ ला १. सुडोकूत पेन्सिलीने टिपल्यासारखे दिसणारे फिकट राखाडी बारके आकडे या मापात नेहमी नापास होतात. ज्यांना अंधुक दिसतं ते पडदा चारपट मोठा करून खेळतात. मग पट वर आणि आकड्यांची बटणं खाली अशी मांडणी असेल, तर एका वेळी दोन्हीपैकी एकच दिसतं. "चूक!" हा संदेश उजव्या वरच्या कोपऱ्यात चमकून गेलेला तर त्यांना कधीच कळत नाही. संदेश हाताशी, घराजवळ हवा.

हात

माइनस्वीपर १९९२ साली विंडोज ३.१ सोबत घरोघरी पोहोचला. डाव्या बटणाने घर उघडायचं, उजव्याने झेंडा लावायचा. ज्याचा हात थरथरतो, त्याचं बोट अर्धा इंच सरकलं की डाव संपला. फोनवर तर उजवं बटणच नाही, म्हणून दाबून धरायची पद्धत आली: थोडं धरलं तर उघडतं, जास्त धरलं तर झेंडा. थरथरणाऱ्या बोटाला "थोडं" आणि "जास्त" यांतला फरक राखणं अवघड. त्यापेक्षा "उघड" आणि "झेंडा" असं एक साधं अदलाबदलीचं बटण दिलं की दोन्ही कामं एकाच साध्या स्पर्शाने होतात.

एक छोटीशी गोष्ट, जिच्यामुळे कितीतरी डाव वाचतात: खेळी बोट टेकताक्षणी करू नये, बोट उचलल्यावर करावी. म्हणजे चुकीच्या घरावर बोट पडलंच, तर ते न उचलता बाजूला सरकवून सुटका करून घेता येते. नियमावलीत हे आहे. २.२ आवृत्तीने आणखी दोन गोष्टी मागितल्या. दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेलची (हे वेबपानावर आकार मोजायचं एकक) असावी किंवा भोवती तेवढी मोकळीक तरी असावी. आणि जिथे ओढत नेणं लागतं तिथे न ओढताही तेच करता यावं. पत्त्यांच्या खेळात पत्ता ओढून न्यायचा असेल तर आधी पत्त्यावर टिचकी, मग जागेवर टिचकी. चोखंदळांसाठी वरच्या पातळीवर मोठं मापही आहे, ४४ गुणिले ४४.

हाताची हालचाल फारच मर्यादित असेल तर माणूस एकाच बटणावर सगळा संगणक चालवतो. ते बटण हाताने, डोक्याने, गालाने, फुंकरीने, कशानेही दाबलं जातं. पडद्यावर एक उजेड एकेका जागेवरून पुढे सरकत राहतो, हवी ती जागा आली की बटण दाबायचं. आता हिशोब बघा. सुडोकूचा उजेड एकेक घर सरकला तर शेवटच्या घरापर्यंत ८१ टप्पे. आधी ओळ निवडायची आणि मग ओळीतलं घर, असं केलं तर जास्तीत जास्त ९ आणि ९ मिळून १८. आणि सुडोकूच्या तीन-तीनच्या घडणीचाच फायदा घेतला, म्हणजे आधी मोठ्या चौकोनांची ओळ, मग त्यातला एक चौकोन, मग त्यातली ओळ, मग घर, तर चार वेळा तीन-तीन, म्हणजे जास्तीत जास्त १२. टप्प्याला एक सेकंद धरला, तर सव्वा मिनिटाहून जास्तीचं काम बारा सेकंदांवर आलं. हे करायला यंत्र महाग लागत नाही, घरांचे गट नीट बांधलेले असावे लागतात.

बारा सेकंद हेही पुष्कळच आहेत, आणि इथे घड्याळ आडवं येतं. बहुतेक कोड्यांत वेळ ही शोभेची वस्तू असते. तर्काला तिची गरज नसते. माझं मत विचाराल तर घड्याळ सुरुवातीला बंदच असावं, हवं त्याने चालू करावं. "सलग ४० दिवस" वाल्या साखळ्यांचंही तेच. आजारपणात चार दिवस खेळता आलं नाही म्हणून साखळी तोडून दाखवणारा खेळ मला तरी क्षुद्र वाटतो.

चाल मागे घेणं, अर्धवट डाव आपोआप जपून ठेवणं, नियम चार छोट्या वाक्यांत आणि केव्हाही पुन्हा वाचता येतील असे देणं, याने स्मृतीची किंवा एकाग्रतेची अडचण असलेल्यांना हात मिळतो. "मग खेळ सोपा नाही का होणार?" असं कुणीतरी विचारतंच. एकट्याने खेळायच्या कोड्यात दुसऱ्याच्या सोयीने तुमचं काय जातं, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आवाजाचं थोडक्यात: फक्त आवाजातून काहीही सांगू नये, सोबत दिसणारी खूण द्यावी. चमकण्याचं त्याहून थोडक्यात, पण गंभीरपणे: एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही नको, काहींना त्याने झटका येऊ शकतो. जिंकल्यावरची आतषबाजीही यात आली. हालचाल कमी करा असं कुणी आपल्या संगणकाला सांगून ठेवलेलं असेल, तर ब्राउझर ते खेळाला कळवतो. खेळाने फक्त ऐकायचं असतं.

जे सांगता येत नाही

आता जिगसॉकडे परत. "दोन चित्रांतले फरक ओळखा" या खेळाला वर्णन जोडलं तर वर्णनातच उत्तर आलं. वर्णन मोघम ठेवलं तर खेळताच येत नाही. काही कोड्यांचा प्राण नजरेत असतो, आणि तसं प्रांजळपणे मान्य करावं. नियमावलीलाही हे ठाऊक आहे: चाचणी किंवा निव्वळ दृश्य अनुभव असेल तर तो कशाचा आहे एवढं नाव द्या, उत्तर फोडू नका, अशी मुभा तिच्यात आहे. पानाच्या सुरुवातीलाच "हा खेळ चित्र बघून खेळायचा आहे" असं लिहिलं, तर अंध खेळाडूची दहा मिनिटं वाचतात. फक्त ही पळवाट सुडोकू बनवणाऱ्याने वापरू नये.

काही वेळा न सांगता येणारं सांगता येण्याजोगं करता येतं. सायमन टॅथम यांच्या ब्राउझरमध्येही खेळता येणाऱ्या कोड्यांच्या संग्रहात नकाशा चार रंगांत रंगवायचं एक कोडं आहे. शेजारचे दोन प्रदेश एका रंगाचे नकोत. प्रदेश वेडेवाकडे, त्यांना नावं नाहीत, रंगही सारखे-सारखे. तिथे एल दाबलं की प्रत्येक प्रदेशावर क्रमांक येतो. ही सोय दिली आहे ती कोड्याबद्दल दुसऱ्याशी बोलता यावं म्हणून. म्हणजे नकळत तीच फोनची कसोटी. क्रमांक आले की "सात नंबर बारा नंबरला लागून आहे" असं म्हणता येतं, आणि जे म्हणता येतं ते पुढे वाचूनही दाखवता येईल.

तपासायला फार काही लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि डाव पूर्ण करा. पडदा करडा करून खेळा. पान ४०० टक्के मोठं करा. मग स्क्रीन रीडर चालू करून पडदा बंद करा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो, मायकल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स टेहही त्यांना येऊन मिळाले. आपोआप तपासणारी साधनं नाव नसलेली बटणं आणि फिकट अक्षरं पकडतात, पण डाव खेळण्यासारखा आहे का हे त्यांना कळत नाही. आणि शेवटी, रोज स्क्रीन रीडरवर किंवा एका बटणावर जगणाऱ्या माणसाकडून खेळवून घ्या. आपण पडदा बंद करून अर्धा तास धडपडतो, तो अनुभव त्याच्या अनुभवाच्या जवळपासही जात नाही.

माझा सुरुंगांचा खेळ मी नव्याने बांधला तेव्हा त्याच खेळाडूला आधी पाठवला. त्याने तीन गोष्टी कळवल्या. "झेंडा लावला" हे दोनदा ऐकू येतं. हरल्यावर पुन्हा सुरू करायचं बटण सापडत नाही. आणि मोठा पट इतका सोपा का ठेवला आहे, सुरुंग वाढव.